नावांचं पुस्तक घेऊन बारशाला

काय सांगायचं तुम्हाला, माणसानं पुस्तक जरूर विकत घ्यावं, पण ते काखेत मारून बारशाला जाऊ नये. मी गेलो. त्याची फळं आमच्या गावी, उचगावात पाय ठेवला की अजून मिळतात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी निपाणीच्या एका शाळेत संस्कृत शिकवायचो, आणि मुलांच्या नावांचे अर्थ सांगणारं एक पुस्तक बेळगावात नुकतंच हाती लागलं होतं. झालं! भेटेल त्याला मी नावाचा अर्थ विचारू लागलो. पोस्टमन मारुतीला भर उन्हात उभं करून त्याच्या नावाची व्युत्पत्ती ऐकवली. तेव्हापासून तो माझी पत्रं शेजारच्या घरात टाकून जायचा.

अशात उचगावच्या घरी अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मुलगा झाला. आधीची दोन मुलं बारशापर्यंतही टिकली नव्हती. म्हणून या वेळी आईनं जुना तोडगा केला. बाळाला उकिरड्याच्या कडेला ठेवलं, शेजारच्या बायजाक्कानं ते उचललं आणि आईनं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. कोंड्याच्या मोलाच्या पोराकडं काळ ढुंकून बघत नाही, अशी समजूत. नाव अर्थातच कोंडिबा.

आता सांगा, संस्कृतच्या मास्तराचा पुतण्या, आणि कोंडिबा?

बारशाला आमची बहीण आक्का पाळण्यावर वाकली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तेवढ्यात मी पुस्तक उघडून उभा राहिलो.

"थांब आक्का. कोंडा म्हणजे धान्याचं टरफल. म्हशीपुढं टाकतात ते. नावाला काही अर्थ नको?"

"मग काय ठेवायचं म्हणतोस रं?" अण्णानं बिचाऱ्यानं विचारलं.

"मृत्युंजय," मी म्हणालो, आणि वर्गात सांगतो तसा समास सोडवायला लागलो. दोन मुलं गेलेल्या घरात, भरल्या पाळण्याशेजारी, मी किती वेळा 'मृत्यू' म्हणालो असेन कोण जाणे. वहिनीनं बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. पण तेवढ्यावर गप्प बसेल तो मास्तर कसला?

"असल्या अडाणी नावानं पोरगं जगतं, याला पुरावा काय?"

"हाय की," आई म्हणाली. "आमच्यात ह्ये नाव एकदा चाललंय."

"कुणाला?"

"तुला."

अण्णा आणि आक्का एकदम जमिनीकडं बघायला लागले. म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"अण्णाच्या पाठची माझी बी दोन गेलती," आई म्हणाली. "मग तू. पाळण्यात कोंडिबाच हुतास. शाळेत मास्तरांनी प्रभाकर लिवलं. तुला लाज वाटंल म्हणून बोललो न्हाय कवा. तू जगलास, म्हणून तर त्येच नाव ह्येला ठेवतोय."

मी पुस्तक मिटलं. आक्कानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कोपऱ्यातून बायजाक्का म्हणाली, "तुला बी मीच उचललोतो रं मास्तर. चांगलं सूपभर कोंडा घेतलोतो तुझ्यापायी."

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पुस्तकाकडं.

"तवा सौदा सस्ता वाटला हुता," ती म्हणाली.