दामूअण्णांचं सुतक

दामूअण्णा वारले तेव्हा आमच्या करंजाड्याच्या घरी एकवीस माणसं भेटायला आली आणि त्यांतल्या एकानेही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं. गेली सहा वर्षं, दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता, मोबाइलवर.

दामूअण्णा हे एका वेबकॉमिकमधले गृहस्थ. वेबकॉमिक म्हणजे फोनवर हप्त्याहप्त्याने येणारी चित्रकथा. हे मी इथे एका वाक्यात सांगितलं, पण सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावता समजावता तीन वर्षं गेली. तिचं अजूनही म्हणणं असं की पन्नाशीच्या माणसाने चित्रांच्या गोष्टी वाचण्यापेक्षा पतंगामागे धावावं, निदान पोट तरी कमी होईल. अण्णा खाडीकाठी राहतात. जन्मभर मिठागरात राबले, आता बांधावर बसून असतात. हातात कायम काळी छत्री आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर काही ना काही म्हणणं. त्यांना काढतो कोण, हे कुणालाच ठाऊक नाही.

माझं पनवेलला चष्म्यांचं दुकान आहे. शुक्रवारी बाराला नवा भाग आला की मी तो तीनदा वाचतो. एकदा गोष्टीसाठी, एकदा चित्रांसाठी आणि एकदा चुकांसाठी. मग चाहत्यांच्या ग्रुपवर परीक्षण टाकतो. त्या ग्रुपवर आम्ही अकरा जण आहोत. (बारा होतो. बाराव्याने लिहिलं की अण्णांची छत्री हे एकटेपणाचं प्रतीक आहे. मी लिहिलं, वर ढग काढलेत, छत्री पावसासाठी आहे. तो ग्रुप सोडून गेला.) माझी परीक्षणं कडक असतात. ‘तिसऱ्या चौकटीत छत्री उजव्या हातात, चौथीत डाव्या, मध्ये बदलली कधी?’ असले प्रश्न मला सुचतात आणि सुचले की राहवत नाही. शेवटी पाचपैकी गुण देतो. पूर्ण पाच आजवर कधीही दिलेले नाहीत. द्यावेसे पुष्कळदा वाटले, पण काढणारा लाडावेल.

तर तो शुक्रवार. रविवारी आमच्या मयूरीचा साखरपुडा होता. मुलगा उरणचा, अक्षय, मालवाहू बोटीवर नोकरीला. बुधवारी तो बोटीवर चढणार होता आणि त्यानंतर आठ महिने नुसतं पाणी. म्हणून घाईघाईने तो एकच रविवार धरला होता. आमच्या ‘आपली भावकी’ नावाच्या ग्रुपवर आठवडाभर साड्या, गाड्या आणि कोण कुणाबरोबर येणार यांचा नुसता धबधबा चालू होता. सुरेखाने मला आठ कामांची यादी लिहून दिली होती. मी पहिलं काम करणार, एवढ्यात बारा वाजले.

त्या भागात अण्णा गेले. बांधावर बसले होते, बोलता बोलता थांबले, आणि शेवटच्या चौकटीत नुसती छत्री, उलटी पडलेली. खाली एक अक्षर नाही.

मी रडलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. सहा वर्षं हा माणूस दर शुक्रवारी माझ्या काउंटरवर येऊन बसत होता. सख्खे भाऊ वर्षातून दोनदा येतात. मी चष्मा काढून डोळे पुसले आणि तशाच भरल्या डोळ्यांनी लिहायला घेतलं : ‘दामूअण्णा गेले. बांधावर बसल्या बसल्या, कुणालाही त्रास न देता गेले. छत्री तेवढी मागे राहिली. असा माणूस पुन्हा होणे नाही. आज दुकान बंद.’ मग माझ्यातला परीक्षक जागा झाला म्हणून खाली आणखी एक ओळ : ‘शेवट मात्र फार घाईत उरकला. माणसांना नीट निरोप घेऊ द्यायला हवा होता.’ गुण द्यायला त्या दिवशी हात धजला नाही. बाकीचे दहा जण काय लिहितील ते वाचवणार नव्हतं, म्हणून पाठवलं आणि फोन बंद करून टाकला.

आमच्या दुकानाच्या दारावर मोठी पाटी आहे : ‘जवळचं दिसत नाही? आत या.’ आत बसून, चष्मा काढून, मी तो मजकूर भावकीच्या ग्रुपवर पाठवला होता.

संध्याकाळी घरी पोचलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. साखरपुड्याची माणसं दोन दिवस आधीच आली की काय, असं वाटून मी हसतमुखाने आत शिरलो. हॉलमध्ये सगळे खाली सतरंजीवर बसले होते. सुरेखाने डोक्यावरून पदर घेतला होता. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या, कारण गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही. माझं हसू बघून त्या जवळ बसलेल्या बाईला म्हणाल्या की धक्का बसला की काही माणसांचं असंच होतं.

भिंतीला टेकून आपटा गावचे आमचे बाळारामकाका बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. कुणाची आत्या कुठल्या गावी दिली आणि का दिली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ‘मी ह्याला ओळखत नाही’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही. माझा मजकूर वाचून झालं असं होतं की माझ्याकडच्यांना वाटलं, दामूअण्णा सुरेखाच्या माहेरचे. सुरेखाच्या माहेरच्यांना वाटलं, माझ्या आजोळचे. आणि मेलेल्या माणसाबद्दल ‘पण हे होते कोण?’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. शेवटी एका धीट पोराने काकांनाच विचारलं. काकांनी डोळे मिटले, मनातल्या मनात चार पिढ्या खाली-वर केल्या आणि निकाल दिला, की दामू म्हणजे आपल्या मधल्या घरचा, लहानपणीच मिठागरावर गेलेला. म्हणजे भावकीतला. म्हणजे दहा दिवस सुतक.

मी आत आलो तेव्हा काका आणि दामू यांनी लहानपणी मिळून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, कसे धरले, हे सांगून झालं होतं. एका चिंबोरीने दामूच्या अंगठ्याला नांगी लावली होती, तिथे लोक डोळे पुसत होते. शेवट घाईत का उरकला, आम्हाला का कळवलं नाही, याबद्दल दोघे-तिघे माझ्यावर रुसूनही बसले होते.

सुरेखाने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ह्या दामूअण्णांचं नाव तुम्ही एकदाही काढलं नाहीत,” ती म्हणाली.

“काढलं होतं. तू लक्ष दिलं नाहीस. ते छत्रीवाले.”

ती तांदळाच्या डब्यावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती हळूच एवढंच म्हणाली की बाहेर जाऊन सांगा. मी गेलो. खरोखर सांगायलाच गेलो. पण काका तेव्हा पुन्हा पहिल्या चिंबोरीपासून सुरू करत होते, डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, आणि वीस माणसं मान हलवत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं कसं? मी ‘अण्णा...’ एवढंच म्हणालो. लगेच कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मी तो प्यायलो आणि काकांशेजारी बसलो.

एवढ्यात सुरेखाच्या मोबाइलवर उरणहून फोन आला. आमची एक चुलतबहीण तिकडे दिलेली आहे, तिच्याकडून बातमी पोचली होती. अक्षयचे वडील फार चांगले गृहस्थ. आवाज उतरलेला.

“आमाला आताच कललं. वाईट झालं,” ते म्हणाले. “आई बोलतं, सुतकात साखर नको. पोरगा बोटीवरनं आला का मग बघू.”

फोन मी स्पीकरवर ठेवला होता. मयूरी नुकतीच बाहेरून येऊन दारात उभी होती. तिला सगळं ऐकताक्षणी कळलं, कारण सहा वर्षांपूर्वी ते वेबकॉमिक माझ्या फोनवर तिनेच लावून दिलं होतं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. माझ्यासमोर येऊन बसली.

“बाबा, उद्या सकाळी उरणला जा आणि तुम्हीच सांगा. मी आठ महिने एका छत्रीसाठी थांबणार नाही.”

खरं तर भीती मला दुसरीच होती. सुतक खोटं, हे सांगणं सोपं होतं. पण मुलीचा बाप चित्रातल्या माणसासाठी दुकान बंद करून रडतो, हे कळल्यावर समोरचे काय म्हणतील? वेडाचं मूळ घराण्यात आहे का, असंही कुणी विचारलं असतं. पण पोरीचं तोंड बघितलं आणि ठरवलं, काय व्हायचं ते होवो.

सकाळी खाली उतरलो तर आंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून बाळारामकाका गाडीत पुढच्या सीटवर बसलेले! एवढ्या मोठ्या बोलणीला वडीलधारं माणूस नको का, असं त्यांचं म्हणणं. ते हॉलमध्येच झोपले होते, त्यामुळे टाळणंही शक्य नव्हतं. त्यांना वाटेत सांगून टाकू, असं मी आणि सुरेखाने खुणेनेच ठरवलं. पण उरणच्या रस्त्याला मिठागरं लागली आणि काकांनी काच खाली करून, दामू ज्या बांधावर बसायचा तो बांध आम्हाला दाखवला. सुरेखाने हात जोडले. (सवयीने. नंतर ती स्वतःवरच चिडली.) मी गाडी चालवत राहिलो.

उरणला व्याही दारात आले, आत नेलं. अक्षयची आजी पलंगावर बसली होती. तिचा शब्द त्या घरात शेवटचा. मी बसायच्या आधीच एका श्वासात बोलून टाकलं.

“दामूअण्णा खरे नव्हते. ते मोबाइलवरच्या चित्रकथेतले आहेत. मी त्यांचा चाहता आहे.”

व्याही माझ्याकडे बघत होते, सुरेखा जमिनीकडे बघत होती आणि काका पंख्याकडे. मग आजीने हात पुढे केला आणि फोन मागितला. तिला अक्षर दिसेना. माझ्या खिशात जवळच्या नंबरचा एक चष्मा कायम असतो, तो मी तिला लावून दिला. तिने शेवटचा भाग वाचला. मग त्याच्या आधीचा मागितला. मग त्याच्याही आधीचा. पाऊण तास आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि आजी बोटाने चित्रं सरकवत होती.

मध्येच ती थांबली. “यो चित्र कारनारा मिठागरावं कवा गेला नाय,” ती म्हणाली. “फला बग कसा धरलाय. असा धरून मीठ वरला तर सांजंला कंबर जाल.”

फळा म्हणजे मीठ ओढायची लांब दांड्याची फळी. सहा वर्षं मी छत्रीचे हात मोजत होतो आणि अण्णांमागे राबणाऱ्या माणसांनी फळा तीनशे भागांत उलटा धरलेला होता! आजीने वीस वर्षं मिठागरात काढली होती. मी कशासाठी आलो होतो ते विसरून खिशातून कागद काढला आणि तिचं म्हणणं लिहून घेऊ लागलो. पलीकडून सुरेखाने मला चिमटा काढला.

शेवटी आजीने चष्मा काढला. डोळे तिचेही ओले होते.

“मानूस चांगला व्हता,” ती म्हणाली. “पन चित्रातल्या मानसाचं सुतक नसतं. रविवारी या साखर घेऊन.”

सुरेखाने सोडलेला निःश्वास मला स्पष्ट ऐकू आला. पण आजीचं संपलं नव्हतं. तिने काकांकडे मान वळवली आणि विचारलं, तुम्ही तर ह्यांच्यासोबत चिंबोऱ्या धरल्यात म्हणे? काकांनी शांतपणे फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला.

“ह्यो तो दामू नाय,” ते म्हणाले. “आमचा वेगला. त्याला जाऊन चालीस वर्सां झाली.”

आणि फोन मला परत दिला. अशा माणसाला खोटं पाडायला निघालो होतो, याची मला मनापासून शरम वाटली.

रविवारी साखरपुडा झाला. छान झाला. मयूरीने हातात साखरेचा पुडा घेतला आणि माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मला आदल्या दोन दिवसांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. अर्ध्या भावकीला मात्र खुलासा पोचलाच नव्हता. एक मावशी मला साखर भरवताना पाठीवरून हात फिरवत म्हणाली, आज अण्णा असायला हवे होते. मी हो म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

पुढचा शुक्रवार आला. बुधवारी अक्षय बोटीवर गेला होता, घर शांत होतं, दुकानातही कुणी नव्हतं. बारा वाजले, नवा भाग आला. पहिल्या चौकटीत उलटी छत्री. दुसरीत तिच्यावर एक हात. तिसरीत अण्णा डोळे चोळत उठून बसलेले. बांधावर डुलकी लागली होती म्हणे! इतका पोरकट शेवट मी दुसऱ्या कुणाचा कधीही चालवून घेतला नसता. पण मला इतका आनंद झाला की डोळे पुन्हा वाहायला लागले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आणि लगेच लिहिलं : ‘दामूअण्णा उठून बसले! बांधावरच आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाचपैकी पाच.’

पाठवलं. मिनिटभरात फोन वाजला. सुरेखा होती.

“आपट्याहून काका निघालेत,” ती म्हणाली. “अण्णांना भेटायला. तुमचा चष्मा कुठाय?”

मी आजूबाजूला पाहिलं. दुकानात चारशे चष्मे होते. नाकावर एकही नव्हता.