कमलाकांत सरांचं रोम

अकोल्यात बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या कमलाकांत सरांना रोमवरचा एकही सिनेमा गोड लागला नव्हता. कुठे घोड्याला त्या काळी नसलेली रिकीब दिसे, तर कुठे सम्राटाच्या ताटात टोमॅटो; अशी प्रत्येक चूक ते एका वहीत लिहून ठेवत. दर्यापूरच्या जानरावांनी रोमवर सिनेमा काढायला घेतला आणि इतिहासतज्ज्ञ म्हणून सरांचं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा सरांनी एकच अट घातली: चूक नको.

रथांच्या शर्यतीच्या चित्रीकरणाच्या दिवशी रथाला शंकरपटातली, बैलांच्या शर्यतीत पळणारी, बैलजोडी जुंपलेली होती. कासरा धरून जानरावांचा मुलगा गोपाल उभा होता.

"जानराव, रोममध्ये घोडे पळत. माझं नाव काढा."

"सर, घोड्याले कोन पाह्यते? ह्या जोडीले पाहाले दहा गावं येतात. एकडाव पाहा, मंग काढतो नाव."

शेजारच्या रथाबरोबर जोडी सुटली. काळ्या मातीचा धुरळा उठला आणि सर खुर्चीवर चढून ओरडले, "हाण रे गोपाल! सोडू नको त्याले!"

तो आवाज सिनेमात तसाच राहिला, आणि सरांचं नावही. घरी अनसूयाबाईंनी विचारलं, "ही चूक वहीत लिहिली का हो?"

"चूक कसली? रोमचे प्रेक्षक असेच ओरडत," सर म्हणाले. "पुरावे आहेत."