सैल मानेच्या बाहुल्या

नागावच्या आमच्या घरमालकीण काकू माणसांची डोकी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवीत. कापसावर निजवलेली, सुपारीएवढी, शाडूची डोकी. गाव त्यांना ‘डोकीवाल्या काकू’ म्हणे, आणि त्याही हाकेला सहज ओ देत.

त्यांचे माहेर पेणचे; वडील गणपती घडवीत. तो हात त्यांनी सासरी आणला आणि चैत्रगौरीच्या आराशीला जुंपला. हळदीकुंकवाला त्यांच्या माजघरात वीतभर बाहुल्यांचे एक गाव वसे. धडे जुनीच असत, डोकी मात्र दरवर्षी वाढत. प्रत्येक डोक्याखाली बांबूची खुंटी आणि प्रत्येक गळ्यात भोक असल्याने यंदाचा फौजदार पुढल्या वर्षी भाजी विकताना दिसे. खुंटी काकू सहाणेवर पुन्हा पुन्हा घाशीत. “मान सैल हवी,” त्या म्हणत, “माणसाला इकडंतिकडं बघता आलं पाहिजे.”

ही डोकी गावातल्याच माणसांची असत. मासळी घेऊन येणाऱ्या कोळीणबाईंनी एकदा पाटी उतरवता उतरवता सांगितले, “माजे डोक्याला यंदा राणीचा आंग दे गो काकू. पाटी वाहून मान दुखली.” काकूंनी तसे केले. कोळीणबाईंना राणीच्या सिंहासनावर पाहून, हळदीकुंकवाला आलेल्या एकदोन सुवासिनींनी नाके मुरडली. काकूंनी त्यांच्या हातावर आंब्याची डाळ ठेवली आणि विषय मिटवला. संध्याकाळी कोळीणबाई दारातून बराच वेळ आत पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “आता न्हाय दुखत.”

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी अलिबागच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि काकूंच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहत असे. माझे डोके घडवताना त्यांना फार त्रास पडला. “वर बघा हो मास्तर,” त्या पुन्हा पुन्हा सांगत, “डोळे कुणाचे करू? भांग तेवढा पाठ झालाय माझा.”

मान खाली असण्याचे एक कारण काकूंच्या शेजारीच राहत होते. कंपाउंडर अप्पांची मुलगी सुमन वाचनालयातून पुस्तके आणी. तिने परत केलेले पुस्तक मी मागून घेई, आणि भेट झाली की त्या पुस्तकाविषयी दोन वाक्ये बोले. याहून पुढे माझे व्याकरण जात नसे. काकू हे सारे डाळ निवडता निवडता पाहत. त्या चैत्रात सुमनला पाहण्यासाठी मुंबईहून बोटीने पाहुणे येणार असे ठरले. काकूंनी ती बातमी मला मुद्दाम खोलीत येऊन सांगितली आणि माझ्याकडे पाहत थांबल्या. “चांगले झाले,” मी म्हणालो. “तुमच्यापेक्षा माझ्या बाहुल्या बऱ्या,” असे म्हणून त्या निघून गेल्या.

त्या वर्षीच्या आराशीत लग्नमंडप होता. नवरी म्हणून सुमनचे डोके बसवणार हे साऱ्यांना ठाऊक होते. नवऱ्याच्या धडावर नेहमीचे, कुणाचेच नसलेले डोके असायचे. हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा मुंडावळ्या बांधून तेथे मी उभा होतो.

मी शाळेतून परतलो तो गल्लीभर हसू पसरलेले. काकू ओटीवरच होत्या. “घोटाळा झाला मास्तर. रंग वाळतोय का बघायला तुमचं डोकं त्या धडावर टोचलं, ते निघेचना. खाऱ्या हवेनं खुंटी फुगली. ओढलं तर मान मोडेल. आता तुमची मान मी मोडू का?”

दिवेलागणीला अप्पा आले. “काय मास्तर, मुलीच्या बापाला हे बाहुल्यांकडून कळायचं?”

घोटाळा खुंटीचा आहे, एवढे सांगितले असते तरी मी सुटलो असतो. आत काकूंच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. मी मान वर केली आणि म्हणालो, “माझी इच्छा आहे, अप्पा. विचारण्याचे धैर्य नव्हते.”

अप्पा ओटीवर टेकत म्हणाले, “तिचंही तेच. सकाळपासून जेवली नाही, आणि रडतही नाही. काकू, चहा टाका.”

मुंबईच्या पाहुण्यांना नकार कळवला गेला.

काही वर्षांनी माझी बदली घाटावर झाली. निरोप द्यायला काकू एस.टी.पर्यंत आल्या. त्यांनी गवतात गुंडाळलेली ती नवरानवरी सुमनच्या मांडीवर ठेवली. “सांभाळा,” एवढेच म्हणाल्या आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या मुलाच्या टोपीची नाडी बांधीत राहिल्या. पुन्हा भेट झाली नाही.

त्या गेल्याचे कळले तेव्हा श्रावण होता. दमट हवेने आमच्या घरातले दरवाजे फुगून चौकटीत अडकत होते. संध्याकाळी मी कपाटातून त्या बाहुल्या काढल्या आणि नवऱ्याच्या मुंडावळ्यांवरची धूळ पुसू लागलो. डोके अलगद माझ्या हातात आले. खुंटी सहाणेवर घासून गुळगुळीत केलेली होती. मी ते परत बसवले, पुन्हा काढले. कोठेही अडत नव्हते.

“सुमन,” मी हाक मारली, “हे अडकलेलेच नव्हते.”

ती वाती वळत होती. तिने मान वर केली नाही.

“ठाऊक आहे. हळदीकुंकवाला बायका यायच्या आधी काकू मला एकटीला तिथं सोडून पन्हं आणायला गेल्या होत्या. तेव्हा माझ्याही हातात ते असंच आलं होतं.”

“मग?”

“मग काय, परत बसवलं.”