सही माझी, भुसा त्यांचा

चहा त्यांनी पत्र्याच्या शेडमागं ओतला. मी बिस्किटं आणायला घरात वळले, तेवढ्यात. तिघांचे तीन कप. बाहेर आले तर बँकेचे साहेब रुमालानं तोंड पुसत होते, जणू पिऊनच झाला. शेडमागच्या मातीतून अजून वाफ निघत होती.

"आज एकादशी हाय," आरामशीनचे मालक म्हणाले. एकादशीला चहा चालतो. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे.

हे हिमायतनगरात घडलं. आमचं घर बौद्ध वस्तीत. बा जन्मभर या मालकांच्या आरामशीनवर लाकडाचा भुसा झाडत आला. तो भुसा आणि ढलप्यांचा चुरा दाबून मी जळणाच्या कांड्या करायचे, वेल्डरकडून बनवून घेतलेल्या हातयंत्रावर. चांगल्या जळायच्या, धूरही कमी. मोठं मशीन घ्यायला बँकेच्या कर्जावर सरकारचं अनुदान होतं, आमच्या समाजाला जास्तीचं. म्हणून नांदेडहून दोन साहेब, एक बँकेचे, एक उद्योग खात्याचे, जागा बघायला आले होते. मालक सोबत होते, कारण भुसा देतो असं त्यांनी सांगितल्याशिवाय काही पुढं सरकणार नव्हतं. चहा मी मुद्दाम माझ्याच कांड्यांवर केला. जाळ बघतील, घोट घेतील, पटेल त्यांना, असं वाटलं. डिप्लोमा शिकलेल्या बाईची अक्कल!

साहेब तिथून आरामशीनवर गेले. भुशाचं पक्कं करायला मीही मागोमाग गेले. तिघं खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. बाजूला वॉचमनची चूल. चुलीत माझ्याच कांड्या जळत होत्या, नमुना म्हणून दिलेल्या. विस्तव चालला होता त्यांना. लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला.

मालक गोड बोलले. अनुदान माझ्या नावानं उचलायचं, मशीन त्यांच्या आवारात बसवायचं, मला महिन्याला पगार मिळेल.

"सही तुझी, बाकी समदं मी बघतो. तुमच्या लोकाला धंदा झेपत नसतो, पोरी."

उद्योग खात्याचे साहेब मोबाईलमध्ये बघत राहिले. असं चालत नाही, एवढं तरी बोलतील म्हणून मी थांबले. बा झाडू धरून उभा होता. हळूच म्हणाला, "हो म्हण, माय."

बापाचा शब्द मी कधी मोडला नव्हता.

"सही देत न्हाई," मी म्हणाले. "हातचा चहा चालत न्हाई, तर हातची सही कशी चालंल?"

दुसऱ्या दिवशी बाला कामावरून काढलं. भुसा आता कोंबड्यांच्या शेडवर जातो. बँकेनं कळवलं, कच्च्या मालाची खात्री नाही, कर्ज नाही. कर्ज नाही तर अनुदान नाही. बा माझ्याशी बोलत नाही. मी पोतं घेऊन सुतारांच्या दारी हिंडते. कुणी देतं, कुणी हाकलतं. एवढ्याशा भुशावर धंदा उभा राहत नसतो, हे मला कळतं. मशीन काही येणार नाही.

परवा मालकाचा माणूस वस्तीत फिरून गेला. सहीसाठी दुसरं नाव शोधतोय. तेव्हापासून मी घरोघर जाते, काय झालं ते सांगते. काहींनी दार लावून घेतलं. एकीनं विचारलं, सही दिली तर आपलं काय जातं? तिच्याकडे उद्या पुन्हा जाणार आहे. आमच्या वस्तीतली एकही सही त्याला मिळू द्यायची नाही मला.