सोनोग्राफीच्या पडद्यावरचं स्थळ

सोनोग्राफी खात्यात वीस वर्षं काढली, की पेशंटच्या फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात. फायली निदान कपाटात मावतात!

* * *

राज्याची वाटणी झाली ते दिवस. आमच्या सरकारी हॉस्पिटलात कोण तेलंगणात राहणार, कोण आंध्रात जाणार, हाच घोळ. खुर्च्यांनासुद्धा चिठ्ठ्या लागल्या! आमच्या अटेंडंट यादम्मानं चहाच्या थर्मासवर स्वतःचं नाव लिहिलं. "साब लोगां किधर भी जाव, ये नै जाता!"

* * *

त्यातच माझ्या थोरल्या नणंदेच्या मॅमोग्राफीत गाठ दिसली. कमलवन्सं गौलीगुड्याच्या. हैदराबादेतली निम्मी मराठी लग्नं त्यांनी जमवलेली. उरलेली निम्मी त्यांनीच मोडलेली! आमच्या डॉक्टर मॅडमनी बायॉप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणी सांगितली, तर वन्सं सही करेनात. "फोटोत दिसली ना? मग टोचायचं कैकू?" आवाज चढवून त्यांनी फॉर्म परत सरकवला.

मॅडम विद्यानगरच्या, मराठीच. म्हणाल्या, "काकू, नुसता फोटो बघून मुलगी देता?"

"छे! घरी जाऊन चौकशी नको?"

"मग हिचीही करू की! फोटोत रूप कळतं, स्वभाव नाही. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण आतला तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

वन्संनी पेन मागितलं.

* * *

जागा बधिर करून मॅडम पडद्यावर बघत सुई आत नेऊ लागल्या. वन्संची नजरही पडद्यावर. "जरा डावीकडे... हां, हेच घर!" सुईचा टक्‌कन आवाज झाला, तुकडा निघाला. मॅडम म्हणाल्या, "अजून तीन घेते." वन्सं म्हणाल्या, "घ्या, घ्या! एकाच नातेवाइकाला विचारून भागत नाही!"

* * *

रिपोर्ट येईपर्यंत वन्संनी एकही पत्रिका उघडली नाही. गौलीगुड्यातली लग्नाळू मुलं हवालदिल! अखेर रिपोर्ट आला. गाठ साधी. "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

वन्संनी पदरानं डोळे टिपले. "म्हणजे स्थळ चांगलंय, पण लक्ष ठेवायचं!"

* * *

सहा महिन्यांनी वन्सं आल्या त्या अकरा बायका घेऊन!

"काकू, हे काय?"

"लग्नाच्या मुलींच्या आया, पत्रिका द्यायला आलेल्या. माझ्या वहीत मुलीचं नाव हवं, तर आधी आईची मॅमोग्राफी!"

यादम्मानं भराभर प्रत्येकीच्या पिशवीतून जो कागद वर आला तो काढला, फायलीला लावला आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. मॅडमनी पहिली फाईल उघडली. बराच वेळ बघत राहिल्या. समोरच्या बाईचा चेहरा उतरला.

मॅडमनी चष्मा काढला.

"घाबरू नका. तपासणी अजून व्हायचीय. पण मुलीला कडक मंगळ आहे!"