इकडील सर्व क्षेम

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला अक्कानंच वाढवलं. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला देगलूरकडं दिलं होतं, पण वर्षाच्या आत नवरा काविळीनं गेला आणि ती जळकोटजवळच्या आमच्या गावी परत आली. येताना तिकडचे दहा-बारा तेलुगू शब्द तेवढे सोबत आणले होते. कापड कापताना ती तेलुगूत आकडे मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू. आजूबाजूच्या चार गावांतल्या बायका ब्लाऊज तिच्याकडंच टाकायच्या. "हिच्या हातचं अंगाला बोचत न्हाई," म्हणायच्या.

आप्पा प्राथमिक शाळेचे मास्तर होते. रिटायर झाले तरी गावातल्या सगळ्यांची पत्रं तेच लिहायचे. जावयाला कसं लिहायचं, साहेबाला कसं, सासरी गेलेल्या लेकीला कसं, प्रत्येकाची त्यांची ठरलेली रीत होती आणि ती मोडलेली त्यांना खपत नसे.

लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला, त्या सुमाराचा तो दुष्काळ. मी दहावीत होते. गावातले आड जानेवारीतच कोरडे पडले आणि एका गुत्तेदाराचा, म्हणजे ठेकेदाराचा, टँकर दिवसाआड येऊ लागला. तो पाणी चावडीजवळच्या आडात सोडायचा आणि बायकांनी ते शेंदून घ्यायचं. एके दिवशी पाइप पुरेना म्हणून ड्रायव्हरनं टँकर मागं घेतला. अक्का आडाच्या दगडी खांबाला धरून उभी होती. मागं बघायला कुणीच नव्हतं. खांब आणि टँकर यांच्यामध्ये तिचा उजवा हात कोपरापासून चेंगरला.

मी शाळेतून पळत आले तेव्हा तिला बैलगाडीत घातलं होतं. ड्रायव्हर पोरगेलासा होता, तेलंगणाकडचा. चाकाशी बसून रडत होता. अक्का त्याला तेलुगूत काहीतरी सांगत होती. नंतर मी विचारलं, काय म्हणालीस? म्हणाली, "रडू नको म्हनले. बायका हानतील त्याला, म्हनून भ्यालं व्हतं."

लातूरच्या दवाखान्यात हाड बसवलं, प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर वाकत नव्हतं आणि तीन बोटांना काही कळत नव्हतं. नांदेडच्या हाडाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आणखी एक ऑपरेशन करावं लागेल, मोठ्या शहरात, आणि ते लवकर करावं लागेल. सहा-आठ महिन्यांत झालं तर बोटं परत येतील.

आप्पांच्या पेन्शनीत ते होण्यासारखं नव्हतं. आप्पा गुत्तेदाराकडं गेले. तो म्हणाला, "मास्तर, गाडीचा विमा हाय. कंपनीला लिहा, मला काय विचारता?" आप्पांनी अर्ज पाठवला. महिन्याभरानं कंपनीचं रजिस्टर पत्र आलं. इंग्रजीत टाइप केलेलं. आमच्या घरी असलं पत्र पहिल्यांदाच आलं होतं.

आप्पांचं इंग्रजी जुजबी होतं, माझं दहावीचं. डिक्शनरी घेऊन दोघं ओसरीवर बसलो. अक्का हात मांडीवर ठेवून समोर. पत्राच्या माथ्यावरच 'विदाऊट प्रिज्युडिस' असं होतं. डिक्शनरीत अर्थ होता पूर्वग्रह. आप्पांचा चेहरा खुलला.

"पूर्वग्रह न ठेवता. म्हणजे मन साफ ठेवून लिहिलंय बघ. आणि किती अदबीनं! कृपा करून, कृपा करून, दोनदा आलंय."

अपघात कसा झाला आणि जखमीची आताची प्रकृती कशी आहे, ते सविस्तर कळवावं, एवढं त्यांनी विचारलं होतं.

"प्रकृती विचारून राहिले," अक्का म्हणाली. "चांगली मानसं दिसतात."

उत्तर मराठीत लिहायचं ठरलं. अक्षर माझं चांगलं, म्हणून पेन माझ्या हातात आलं. आप्पांनी सुरुवात सांगितली. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवावे. मी म्हणाले, "आप्पा, ही कचेरी आहे." ते म्हणाले, "कचेरीत माणसंच बसतात. त्यांनी प्रकृती विचारली, आपण क्षेम कळवायचं. रीत सोडू नये."

मग अक्कानं सांगितलं, "लिही, ड्रायव्हरची काय चूक न्हाई. गर्दी लई व्हती. मी बी जरा पुढंच सरकले व्हते."

"तू कुठं सरकलीस? तू तर खांबाला धरून होतीस," मी म्हणाले.

"आगं, त्याची नोकरी जाईल. लिही तू."

मी लिहिलं. राहिली प्रकृती. आप्पा पाणी प्यायला आत गेले होते. अक्का माझ्याकडं बघत होती. मला काय वाटलं कोण जाणे. बोटं मेली आहेत, असं तिच्यासमोर कागदावर लिहवेना. मी लिहिलं, 'हाताला आता पुष्कळ आराम आहे.' आणि सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या ओळीला अक्का हसली. आप्पांनी खाली सही केली, अक्कानं अंगठा दिला. सही येत होती तिला, पण उजव्या हाताची. अंगठा डाव्या हाताचा होता.

पुढचं पत्र दोन महिन्यांनी आलं. ते वाचायला डिक्शनरी फार लागली नाही, कारण त्यात आमचीच वाक्यं होती, इंग्रजी होऊन आलेली. तुमच्याच लेखी म्हणण्याप्रमाणे जखमी व्यक्तीचे क्षेम आहे, हाताला पुष्कळ आराम आहे, चालकाची चूक नाही आणि ती स्वतः पुढे सरकली होती. तरी सहानुभूती म्हणून अमुक रक्कम देऊ, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा, यापुढे काही मागणी राहणार नाही. आप्पांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून त्याच्यावर ठेवला.

तो कागद घेऊन आम्ही लातूरला एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"मास्तर, याचा अर्थ काय लावलात?"

आप्पांनी सांगितला. वकीलसाहेब हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. ते हळूच म्हणाले, "याचा अर्थ असा, की आम्ही यात काहीच कबूल करत नाही, हे पत्र उद्या आमच्यावर उलटवायचं नाही. त्यांनी स्वतःच्या पत्राला कुंपण घातलं. तुमचं मोकळं राहिलं. आणि शेवटच्या कागदावर सही केली असती तर दारच बंद झालं असतं. आता एक करा. काही झालं तरी कुणाला एक ओळ लिहायची नाही. मला विचारल्याशिवाय पोस्टकार्डसुद्धा नाही."

दावा लागला. जिल्हा नवा, कागद जुने. कधी फाइल उस्मानाबादेत आणि आम्ही लातुरात, कधी फाइल आली तर साहेब बदललेले. आप्पा आणि अक्का पहाटेच्या गाडीनं जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. डॉक्टरांनी सांगितलेले आठ महिने त्यातच सरले. मग वर्ष गेलं. पाऊसही झाला एकदाचा. शिवणाच्या मशीनवर अक्कानं चादर टाकून ठेवली होती.

साक्षीच्या दिवशी मी सोबत होते. कंपनीच्या वकिलानं आमचं पत्र हातात धरून मराठीतून वाचलं, अगदी सप्रेम नमस्कारापासून. 'इकडील सर्व क्षेम' आलं तेव्हा मागं कुणीतरी हसलं. आप्पा माझ्या शेजारी बाकावर होते. त्यांनी मान खाली घातली.

"बाई, हाताला पुष्कळ आराम आहे, हे तुम्ही सांगितलं?"

 अक्कानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

"हाव. म्याच सांगितलं."

"आणि तुम्ही पुढं सरकलात, हेही?"

"हाव."

"मग आता खोटं बोलताय, की तेव्हा बोललात?"

ती उजवा हात डाव्या हातानं धरून तशीच उभी राहिली.

फैसला लागला त्यात निम्मी चूक तिची धरली होती. जे मिळालं ते घेऊन आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. डॉक्टर तेच होते. त्यांनी बोटं एकेक करून दाबली, सुई टोचून बघितली, आणि म्हणाले, "आता ऑपरेशनचा उपयोग नाही. तेव्हाच का नाही आलात?"  दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अक्काच म्हणाली, "चला, गाडी चुकल. सांजच्याला सैपाक करायचा हाय."

परतीच्या वाटेवर आणि नंतर कित्येक वर्षं आम्ही तिघंही त्या पत्राबद्दल बोललो नाही. आप्पांनी गावातल्यांची पत्रं लिहिणं बंद केलं. कुणी आलं की डोळ्यांचं निमित्त सांगायचे. अक्कानं मशीन नायगावच्या एका बाईला देऊन टाकलं. मी डी.एड. करून नोकरीला लागले. दर सुट्टीत घरी जाताना ठरवायचे, या वेळी सांगायचं की ती ओळ माझी होती, तुझी नव्हती. आणि न सांगताच परत यायचे.

आप्पा गेले. त्यांना माती दिल्यावर आठ-दहा दिवसांनी मी त्यांची ट्रंक आवरायला घेतली. शाळेच्या जुन्या वह्यांत पाच-सहा कागद निघाले, सगळे कोर्टाच्या साहेबांना लिहिलेले अर्ज. मजकूर थोड्याफार फरकानं एकच. 'सदरहू पत्र मी सांगितले. त्यातील सर्व मजकुरास मी एकटा जबाबदार आहे. माझ्या दोन्ही मुलींचा त्यात काही दोष नाही.' एकही पाठवलेला नव्हता. वकीलसाहेबांनी लिहू नका म्हणून सांगितलं होतं, आणि आप्पा सांगितलेलं ऐकणारे होते.

मी ते अक्काला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती, काड्या पायाच्या बोटांत धरून डाव्या हातानं पानं खुडत होती. तिचा हात थांबला.

"आप्पानं हे कशापायी अंगावर घ्यायचं," ती म्हणाली. "चूक तर माझी. त्या पोराचं नाव वाचवायला मीच खोटं सांगितलं. म्हाताऱ्याला माझ्यापायी कोर्टात बसावं लागलं."

तेव्हा मी सांगितलं. एवढ्या वर्षांनी. आरामाची ओळ माझी, तू सांगितलेली नव्हती.

"मला ठावं हाय की," अक्का म्हणाली. "वाचून दाखवलीस तवा मला बरं वाटलं व्हतं. खरंच व्हईल असं वाटलं."

मग ती रडली. ती रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. आडापाशी नाही, कोर्टात नाही, डॉक्टरांसमोरही नाही. मी तिच्याजवळ सरकले आणि तिच्या उजव्या हाताची ती तीन बोटं हातात घेतली. थंड होती. मी किती वेळ दाबून धरली, ते तिला कळलं नाही. भाजी तशीच पडून राहिली.