शेजारणीसाठी चीज

परवा मंगळवारी सकाळी मी चर्चबाहेरच्या रांगेत उभी होते. फुकटच्या सरकारी चीजच्या रांगेत. लिहून टाकलं एकदाचं...

शिकागोचा फेब्रुवारी, आणि वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठावं. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली होती... थोडी थंडीसाठी, जास्त कुंकू झाकायला. मंगळसूत्र स्वेटरच्या आत. बघणाऱ्याला मी मेक्सिकन वाटले तर बरंच, असा विचार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दूधवाल्या शेतकऱ्यांकडून विकत घेतलेल्या चीजचे सरकारी गोदामांत डोंगर साठलेत. त्यांना बुरशी धरायला लागली, तेव्हा कुठे सरकारला गरिबांची आठवण झाली. पिवळी, विटेसारखी जड लादी, साध्या खोक्यात घालून देतात. श्रीमंतांना आणखी श्रीमंत केलं की पैसा आपोआप खाली झिरपतो, असं आमच्या अध्यक्षांचं अर्थशास्त्र. तर आमच्यापर्यंत झिरपत आलं ते हे!

शाळेतल्या मुलांच्या जेवणात केचपला भाजी धरावं, असंही यांच्याच राज्यात कुणीतरी सुचवलं होतं. लोणच्याला भाजी म्हणणाऱ्याला आमच्या आईनं भरल्या पानावरून उठवलं असतं.

पण मी कुठल्या तोंडानं बोलणार... नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलंवहिलं मत मी याच माणसाला दिलं. का? तर पूर्वीचा सिनेमातला नट, हसतो किती छान!

दिवाळीनंतर ह्यांची पोलाद कारखान्यातली नोकरी गेली. मराठी मंडळात आम्ही सांगितलं, 'कन्सल्टिंग सुरू केलंय.' संक्रांतीच्या कार्यक्रमात एक डॉक्टर बेकारांबद्दल म्हणाले, "हे लोक काम करत नाहीत यार, फुकटचं चीज खातात नुसतं." सगळे हसले. मीही हसले, जरा मोठ्यानंच. हे मात्र तिळाची वडी हातात धरून खाली बघत राहिले.

त्या रात्री ह्यांनी मला बजावलं, "उपाशी राहू, पण त्या रांगेत जायचं नाही." मंगळवारी मी ह्यांना न सांगता गेले.

रांगेत बघितलं तर 'हे लोक' म्हणजे कोण? रात्रपाळी करून आलेली, पांढऱ्या बुटांतली एक नर्स. बाळाला कोटाच्या आत घेतलेला एक बाप. युनियनची टोपी घातलेले दोन म्हातारे. आणि मी. संक्रांतीचं माझं ते हसू मला तिथे सगळ्यांसमोर ऐकू आलं... इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढची बाई वळून म्हणाली, "फर्स्ट टाइम, हनी? पाय हलवत राहा, नाहीतर इथेच बर्फ होशील." मी पाय आपटायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, शुभा ना तू?"

नलूताई. खरं नाव वेगळं आहे. आमच्या मंडळाच्या जेवणाची सगळी सूत्रं त्यांच्याकडे. अख्ख्या मंडळाच्या मसालेभाताला चव न बघता बरोबर मीठ घालणारी बाई. नवऱ्याचं स्वतःचं मशीन शॉप, छोटा कारखानाच, मुलगा मेडिकलला. झालं... संध्याकाळपर्यंत फोनाफोनी होणार आणि ह्यांना कळणार.

"मी शेजारणीसाठी आलेय," त्यांनी काही विचारायच्या आतच मी म्हटलं. "म्हातारी आहे. गुडघे धरलेत तिचे."

"हो का? मी पण शेजारणीसाठीच," नलूताई म्हणाल्या. "तिची कंबर गेलीय."

मग आम्ही दोघी परोपकारी बायका, एकमेकींकडे न बघता, पुढे सरकत राहिलो.

खोकी घेऊन बस स्टॉपवर आलो. नलूताई म्हणाल्या, "ऐक. सँडविच खाऊन खाऊन कंटाळा येतो याचा. थालीपिठाच्या भाजणीत किसून घालायचं. मीठ अजिबात नको, मुळातच खारट असतं. आणि फ्रीझरमध्ये ठेवू नकोस, भुगा होतो."

मी विचारलं, "तुमच्या शेजारणीला... थालीपीठ आवडतं?"

"फार," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या शेजारणीच्या नवऱ्याला मिळालं का काही काम?"

मी खोकं दुसऱ्या हातात घेतलं. "अजून नाही. घरात बोलतही नाहीत फारसे..."

"आमच्या शेजारणीचा नवरा शॉपला कुलूप लावून बेसमेंटमध्ये बसलेला असतो. टीव्हीवर अध्यक्ष आले की त्यांच्याशी मराठीत भांडतो."

"शिव्या देतो?"

"ठेवणीतल्या!"

इतक्या महिन्यांनी मी पोटभर हसले, त्या गारठ्यात, नाक पुसत. बस आली. चढताना नलूताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शेजारणीला सांग, पुढच्या वेळी एकटीनं येऊ नको म्हणावं. फार वारा असतो इथे."

घरी आल्यावर मी लादी लपवली नाही, ओट्यावरच ठेवली. हे आले, खोक्यावरची सरकारी अक्षरं वाचत बराच वेळ उभे राहिले. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता ओरडतील... मग म्हणाले, "किसणी कुठे ठेवतेस तू?"

लाज काही गेलेली नाही. पण आता ती एकटीनं ओढायची नाही, एवढं मात्र झालं. काल नलूताईंना फोन करून विचारलं, हे लिहू का? म्हणाल्या, "लिही की! फक्त आमच्या शेजारणीचं नाव घालू नकोस."

नाही घातलं, नलूताई. तिला माझा नमस्कार सांगा.